धरणाची फेरी पूर्ण करण्याचा हट्ट सोडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचे कुटुंब, माणसे पाच. आई 72 वर्षांची, एका गुडघ्याचे ऑपरेशन झालेले. धाकटा भाऊ व्हीलचेअर वापरतो. काकांची नजर काचबिंदूने जवळजवळ गेली आहे. 9 वर्षांची मुलगी एका जागी ठरत नाही. आणि प्रश्न विचारणारे स्वतः सह्याद्रीत नेहमी भटकणारे. भंडारदऱ्याच्या जलाशयाला काठाकाठाने पायी फेरी मारायची आहे. जमेल का, किती दिवस लागतील, आणि हे नसेल तर दुसरे कुठले धरण सोपे पडेल?

फेरी जमणार नाही. पण पाचही जणांना पाण्याच्या कडेने चालता येईल, त्याच दिवशी आणि एकत्र. त्यासाठी फेरीचा विचार डोक्यातून काढावा लागेल. वेगवेगळ्या ताकदीच्या माणसांना धरणांवर नेण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. सहल बिघडते ती बहुतेक वेळा एका कारणाने: गटातला सर्वांत धडधाकट माणूस नकाशा समोर ठेवून मार्ग ठरवतो आणि बाकीच्यांना त्यात बसवू पाहतो.

भंडारदऱ्याला काठाकाठाने सलग पायवाट नाही. आहे तो गाडीरस्ता: शेंडी, मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी. तो 40 किलोमीटरहून जास्त भरतो. पाणी दिसते, मग डोंगराची सोंड आडवी येते, रस्ता चढतो, उतरतो, पुन्हा पाणी दिसते. आपल्या बहुतेक धरणांचे असेच आहे. दरी अडवून पाणी साठवले की ते प्रत्येक ओढ्यात आत शिरते, त्यामुळे काठ नागमोडी आणि भलताच लांब होतो. समोरच्या वाडीतला माणूस ओळखू येतो, पण तिथे पोचायला तास लागतो.

त्यात तो काठ एका जागी राहत नाही. भंडारदऱ्याची साठवण क्षमता 11,039 दलघफू (दशलक्ष घनफूट). चांगल्या पावसाच्या वर्षी धरण बहुधा ऑगस्टमध्ये भरते आणि पुढे शेतीची आवर्तने (ठरावीक पाळ्यांनी सोडलेले पाणी) सुटत जातात तसे पाणी खाली उतरते. दसरा-दिवाळीला जे पाणी रस्त्याजवळ असते, ते मे महिन्यात दूर, खोल गेलेले असते. मधल्या पट्ट्यात गाळ. वरून वाळून भेगाळलेला दिसतो, पाय ठेवला की खालचा चिखल घोट्यापर्यंत घेतो. खुर्चीची पुढची लहान चाके तर पहिल्या दोन हातांतच रुततात. काही ठिकाणी या उघड्या जमिनीवर गावकरी गाळपेर करतात, म्हणजे ओल्या गाळातच पीक घेतात. ती उभी शेते असतात, मोकळे मैदान समजून त्यातून जाऊ नये. वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर धरणसाठ्याचे आकडे येतात. निघण्याच्या आठवड्यात ते पाहा. साठा 80 टक्क्यांच्या वर असेल तर पाणी तुमच्याजवळ येईल. 30 टक्क्यांपर्यंत उतरला असेल तर तुम्हाला पाण्याकडे जावे लागेल, आणि तुमच्या गटाला ते शक्य नाही.

मग भिंतीवरूनच चालू या, ती तर सपाट असते, असे पुष्कळ जण म्हणतात. मोठ्या धरणांच्या भिंतींवर सुरक्षेच्या कारणाने सर्वसामान्यांना सोडत नाहीत. भंडारदऱ्याचे विल्सन धरण 1926 साली पूर्ण झाले, उंची सुमारे 82 मीटर. ते खालून किंवा लांबून पाहावे. चौकीदाराची मनधरणी करून भिंतीवर जायचे बेत आखू नका. व्हीलचेअर घेऊन फाटकापर्यंत जाऊन परत फिरणे फार मानहानीचे वाटते.

आता काय करायचे ते. तुमच्याकडे गाडी आहे, तिचा उपयोग फक्त पोचण्यासाठी करू नका. रस्त्याचा चांगला तुकडा आला की चालणाऱ्यांना उतरवायचे, गाडी 700-800 मीटर पुढे नेऊन सावलीत उभी करायची, सगळे चालत तिथपर्यंत यायचे. ज्याला पुढे जायचे तो पुढच्या तुकड्यालाही उतरेल, जो दमला तो गाडीत बसून खिडकीतून पाणी बघेल. परतीचे अंतर कोणाच्याच डोक्यावर राहत नाही. आईंना सारखे "माझ्यामुळे तुम्ही अडकलात" म्हणावे लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. तुम्हाला स्वतःला जास्त चालायचे असेल तर पहाटे उठून एकट्याने चाला आणि नाष्ट्याला परत या.

शेंडीहून रतनवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आणि रतनवाडीच्या आसपास असे तुकडे मिळतात. रतनवाडीत दरीचा तळ रुंद आहे, भातखाचरे आहेत, समोर रतनगड. अमृतेश्वराचे जुने दगडी मंदिर आणि शेजारची पुष्करणी हा थांबायचा ठरलेला मुक्काम. मंदिराला पायऱ्या-उंबरे आहेत, त्यामुळे भाऊ आतपर्यंत जातील असे गृहीत धरू नका. पण बाहेरून नीट पाहण्यासारखे बरेच आहे. दुसरा तुकडा घाटघरचा. कोकणकड्यापर्यंत गाडी बरीच जवळ जाते, कमी श्रमात मोठे दृश्य मिळते. मात्र पावसाळ्यात घाटघरला जाऊ नका. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात ते उगीच नाही. धुक्यात कडा आणि रस्ता दोन्ही दिसेनासे होतात.

तुकडा निवडताना किलोमीटर पाहू नका. चढ पाहा, जमीन पाहा, आणि रस्त्याला आडवा कल किती आहे ते पाहा. इमारतींच्या रॅम्पसाठी 1:12 हे प्रमाण धरतात, म्हणजे 12 फूट लांबीला 1 फूट चढ. तो छोट्या, गुळगुळीत, कठडा असलेल्या रॅम्पसाठी. उघड्या रस्त्यावर लांबवर चालायचे तर 1:20 च्या पुढे गेलात की ढकलणारा माणूस दमतो, आणि खुर्चीतला माणूस ढकलणाऱ्याची काळजी करत बसतो. मोबाईलमध्ये उतार मोजणारे ॲप असते. त्याने एकदा घराजवळचे दोन-चार चढ मोजा, म्हणजे आकड्याचा अर्थ हाताला कळेल. आडव्या कलाकडे कोणी लक्ष देत नाही. पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्ता मधे उंच, कडेला उतरता असतो. कडेने चालले की खुर्ची सतत एका बाजूला ओढते आणि भावाचा एकच हात भरून येतो. रहदारी नसेल तेव्हा मधून चाला, एक जण मागे आणि एक पुढे, येणाऱ्या गाड्यांकडे लक्ष ठेवायला.

मुरमाचा रस्ता ताजा असेल तर टाळा. दाबून बसलेला मुरूम चालतो, सुटी खडी चालत नाही. थोडी खडी ओलांडायचीच असेल तर खुर्ची मागे कलवून मोठ्या चाकांवर न्यावी, किंवा उलटी फिरवून ओढावी. उतारावर खुर्ची म्हणजे ब्रेक नसलेली हातगाडी. तीव्र उतार उलट्या तोंडानेच उतरायचा, मागे माणूस हवा. हल्ली खुर्चीच्या पुढे जोडायचे मोठे चाक मिळते, त्याने लहान चाके जमिनीपासून उचलली जातात आणि खडबडीत जागी मोठा फरक पडतो. आयआयटी मद्रासमध्ये तयार झालेल्या नियोबोल्टसारखी मोटर असलेली जोडणीही आहे. ती असेल तर भाऊच तुमच्या पुढे जातील. आणखी एक बारीक गोष्ट: दुष्काळी पट्ट्यातल्या तलावांवर वेड्या बाभळीचे काटे सगळीकडे पडलेले असतात. हवेचे टायर असतील तर पंक्चरचे सामान आणि पंप घ्या, नाहीतर ठोस टायर लावून घ्या.

खुर्ची उचलायची वेळ आली तर कुठे धरायचे हे भावाला विचारा. आईला नाही, ड्रायव्हरला नाही. सुटे होणारे हात आणि पायटेकू धरून उचलले की ते हातात येतात आणि माणूस खाली. गावातला एखादा तरुण दिवसभरासाठी सोबत घ्या आणि ठरवून पैसे द्या. रतनवाडी-साम्रदकडची मुले डोंगरात वाढलेली, ओझे कसे तोलायचे हे त्यांना सांगावे लागत नाही. नेमके काय करायचे ते मात्र भावानेच सांगावे. एकूण त्या दिवसाचा आराखडा भावानेच केला तर उत्तम. रोज उंबरे आणि चढ मोजणारा माणूस तुमच्या घरात आहे, आणि रस्ता तुमच्यापेक्षा त्याला जास्त कळतो.

आईंच्या गुडघ्याला चढापेक्षा उतार नडतो. सहसा माणसांना गाडीने वर सोडून उताराने चालवत खाली आणतात. ती पद्धत त्यांच्यासाठी उलटी करा: चढ चालू द्या, उतार गाडीतून. हातात काठी एकच असेल तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरायची. उंची अशी की काठी जमिनीवर टेकल्यावर कोपर जरासे वाकलेले राहील. ट्रेकिंगच्या दोन काठ्या मिळाल्या तर आणखी बरे, पण त्या आठवडाभर आधी घराजवळ वापरून पाहा. घडीची हलकी खुर्ची बरोबर हवी. आपल्याकडे धरणांच्या काठी बाक नसतात, आणि गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या माणसाला जमिनीवर किंवा बुटक्या दगडावर बस म्हणणे म्हणजे उठायचे दुखणे मागे लावणे. दर 10-15 मिनिटांनी, त्यांनी न मागता, ती खुर्ची उघडावी. चालताना त्यांना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे; शब्द तुटायला लागले की थांबा. ऑपरेशनला वर्ष झाले नसेल तर किती चालावे हे आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

काकांना हाताला धरून ओढत नेऊ नका. त्यांनी तुमचे कोपर वरच्या बाजूने धरायचे, तुम्ही अर्धे पाऊल पुढे. तुमचे शरीर वर-खाली झाले की चढ-उतार त्यांना आपोआप कळतो. पाण्याच्या किंवा दरीच्या बाजूला नेहमी सोबती, काका आतल्या बाजूला. "जपून" हा शब्द निरुपयोगी आहे. "दोन पावलांवर खड्डा, डावीकडून" असे सांगा. त्यांना दृश्याची वर्णने सारखी ऐकवायची गरज नसते. सकाळी जलाशयावर पुष्कळ ऐकू येते: टिटवी, तांबट, काठाला लागणाऱ्या लाटा, पलीकडच्या वाडीतला कोंबडा पाण्यावरून अगदी जवळ आल्यासारखा. सगळ्यांनी मिळून पाच मिनिटे बोलणे बंद ठेवा. शांत राहणे मुलीला अवघड जाईल, म्हणून किती वेगवेगळे आवाज आले ते काकांबरोबर मोजायचे काम तिच्याकडे द्या.

तिच्यासाठी नियम एकच, पण तो मोडू द्यायचा नाही: पाण्यात पाऊल टाकायचे नाही. धरणाच्या पाण्याखाली जुनी शेते, बांध, ओढे आणि मूळ नदीचे पात्र तसेच आहे. गुडघाभर पाण्यात उभे असताना पुढचे पाऊल जुन्या पात्रात पडू शकते. पोहता येणारी मोठी माणसे अशीच जातात. धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रातही उतरू नका. आवर्तन सोडले की कोरडे पात्र बघता बघता भरते. भोंगा वाजतो, पण आपण खडकात फोटो काढत असतो. आणि पावसाळी धबधब्याच्या प्रवाहात उभे राहण्याबद्दल तर बोलायलाच नको. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. पाणी वाढले तेव्हा पळता येईल, हा भरवसा धडधाकट माणसालाही ठेवता येत नाही. तुमच्या गटाला तर मुळीच नाही.

दगडी पिचिंगच्या (धरणाच्या उतारावर बसवलेल्या दगडांच्या) फटींत हात घालू नका, फुरसे आणि विंचू तिथेच असतात. कड्याखाली किंवा मोठ्या झाडावर आग्या मोहोळ दिसले तर आवाज न करता मागे फिरा. धूर, अत्तर, दगड काही नको. व्हीलचेअर घेऊन मधमाश्यांपासून पळता येत नाही, म्हणून हे आधीच पाहून ठेवायचे.

संडासाबद्दल लोक विचारायला लाजतात, आणि सहल त्याच एका गोष्टीवर मोडते. आया-मावश्या सकाळपासून पाणी पीत नाहीत, दुपारी चक्कर येते, आणि सगळे म्हणतात ऊन लागले. शेंडीत राहण्याच्या जागा आहेत, जलाशयाच्या काठाला एमटीडीसीचे (राज्य पर्यटन महामंडळाचे) निवासही आहे. कुठेही आरक्षण करण्याआधी फोनवर "व्हीलचेअर चालेल का" असे विचारू नका, सगळे हो म्हणतात. बाथरूमच्या दाराची रुंदी फुटपट्टीने मोजून मागा आणि दाराचा, कमोडचा, उंबऱ्याचा फोटो मागवा. साधारण खुर्ची 24 ते 26 इंच रुंद असते आणि आपल्याकडची बाथरूमची दारे पुष्कळदा त्याहून अरुंद. तळमजल्याची खोली म्हणजे पायऱ्या नाहीत असे नव्हे. जोत्याच्या तीन पायऱ्या कोणी मोजत नाही. दिवसभराच्या भटकंतीसाठी घडीची कमोड खुर्ची आणि झटकन उभा राहणारा लहान तंबू गाडीत टाका. या वस्तू ज्या घरात आल्या, त्या घरातली म्हातारी माणसे पुन्हा बाहेर पडू लागली, हे मी पाहिले आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, दुसरे कुठे. मी असतो तर पहिली सहल भंडारदऱ्याला काढलीच नसती. नाशिकपासून तासाभराच्या अंतरावर, निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा हा जुना बंधारा; इथूनच गोदावरीचे डावे-उजवे कालवे निघतात. जलाशय गाळाने उथळ झाला, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. 2020 मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची नोंद झाली. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने गाळ म्हणजे नुकसान, पण तुमच्या आईंच्या आणि भावाच्या दृष्टीने हीच जागा सोन्याची. मुलूख सपाट आहे, पक्षी जवळ दिसतात, चढायचे काही नाही. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. त्यांना जिने आहेत, पण खालून दुर्बिणीतून पाहिले तरी थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, जांभळी पाणकोंबडी, वारकरी यांची गर्दी दिसते. स्थानिक मार्गदर्शक मिळतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी साडेसहाला तिथे असा आणि दहाला परत फिरा. याला मी रंगीत तालीम म्हणत नाही, ती पूर्ण सहल आहे. पण कोण किती चालते, खुर्ची कुठे अडते, काकांना कोणाबरोबर जास्त जमते हे कळते, आणि मग भंडारदऱ्याचे तुकडे अचूक निवडता येतात.

हे उत्तर विदर्भातून कोणी वाचत असेल तर त्यांनी मोठ्या धरणांच्या मागे लागूच नये. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारीच्या काळातले) तलाव हजारोंनी आहेत. रुंद मातीची पाळ (बांध), तीवर झाडांची सावली, एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला धानाची शेते, गाव हाकेच्या अंतरावर. पाळीवर चढायचा एक छोटा चढ जमला की पुढे सगळे समतल. मिश्र गटासाठी याहून चांगली रचना कोणी मुद्दाम आखली नसती. नवेगावबांधसारखा मोठा तलाव नावाजलेला आहे, पण मला लहान, अनाम तलावच बरे वाटतात. पुण्याकडच्यांनी खडकवासल्याची चौपाटी सुटीच्या दिवशी सोडून द्यावी. वाहनांच्या रांगेत व्हीलचेअर म्हणजे शिक्षा. आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी सातला तोच काठ पुष्कळ सुसह्य असतो. माथेरानचे शार्लट लेक सुंदर आहे, गावात मोटारी नाहीत हेही खरे, पण लाल मातीच्या वाटा आणि दगड खुर्चीला जड जातात. ई-रिक्षा कुठपर्यंत सोडते हे त्या दिवशी विचारूनच पुढचे ठरवा. कोल्हापूरकरांना रंकाळा आहेच, सरावासाठी तो पुरेसा आहे.

भंडारदऱ्याची तारीख ठरवताना नवरात्र टाळा, कळसूबाईच्या यात्रेमुळे पायथ्याच्या बारी गावाच्या रस्त्याला गर्दी असते. काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मेअखेर-जूनच्या सुरुवातीला, रात्री अरुंद रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा लागतात, तेव्हाही नको. शनिवारी रात्री काठावर तंबू आणि स्पीकर असतात. दिवाळी झाल्यावरचा मंगळवार-बुधवार धरा. मुलीची सुटी अजून चालू असेल, धरणात पाणी भरपूर असेल, ऊन सौम्य असेल. घोटीमार्गे निघा, पेट्रोल आणि औषधे घोटीतच घ्या. जलाशयाच्या पलीकडच्या बाजूला मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून कोणत्या तुकड्याला किती वाजता आहात हे मुक्कामाच्या मालकाला सांगून ठेवा, आणि गाडीची दुसरी किल्ली भावाच्या खिशात असू द्या.